शर्टाच्या खिशासाठी घडीचा चाकू कसा निवडावा

कुरिअरचा खोका, गोणीची सुतळी, कपड्याचा सुटलेला दोरा, डब्यातला पेरू. रोजची ही कामं अडीच इंचांच्या पात्यात भागतात. चाकू मात्र हाताशी हवा, म्हणून पुष्कळांना तो शर्टाच्या खिशात हवा असतो. पण दुकानात पातं बघून चाकू घेतला जातो आणि घरी आल्यावर कळतं की तो खिशात मावत नाही, मावला तर खिसा लोंबतो, आणि स्कूटर स्टँडवर लावायला वाकलं की पायाशी पडतो. पँटच्या खिशातला चाकू आणि शर्टाच्या खिशातला चाकू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शर्टासाठी आधी खिसा मोजायचा, मग वजन, मग जाडी. पात्याचा विचार त्यानंतर.

निवडीसाठी लागणारं सामान: फूटपट्टी, दहा रुपयांची आठ नाणी, एक सुती रुमाल, जुना वर्तमानपत्राचा कागद, आणि असलाच तर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. खरेदीच्या वेळी पक्कं बिल घ्या, त्यावर वस्तूचं नाव स्पष्ट लिहून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

१. खिसा मोजा

रोज वापरता तेच तीन-चार शर्ट काढा. तयार शर्टाचा खिसा साधारण ११ ते १२ सेंटीमीटर रुंद आणि १२ ते १४ सेंटीमीटर खोल असतो. शिवून घेतलेल्या शर्टात फरक पडतो, म्हणून सगळ्यात उथळ खिसा धरून चाला. खिशाचं तोंड ते तळाची शिवण हे अंतर मोजा. तळ टोकदार असेल तर मधली खोली धरू नका, कारण चाकू मध्ये उभा राहत नाही, तो कडेला सरकतो. कडेची खोली मोजा आणि त्यातून दीड सेंटीमीटर वजा करा. उरेल तेवढी मिटलेल्या चाकूची कमाल लांबी.

कडेची खोली ११ सेंटीमीटर असेल तर साडेनऊ सेंटीमीटरपर्यंतचा चाकू चालेल. प्रत्यक्षात ८ ते साडेनऊ सेंटीमीटर लांबीचे चाकूच शर्टात बरे बसतात. १० च्या पुढे गेलात की वरचं टोक खिशाबाहेर डोकावतं आणि बसल्यावर खालचं टोक बरगडीला टोचतं.

२. वजन: नाण्यांची चाचणी

दहा रुपयांचं एक नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. सहा नाणी रुमालाच्या कोपऱ्यात घट्ट बांधली की ४६ ग्रॅम होतात, आठ बांधली की ६२. आधी सहा नाणी खिशात टाकून अर्धा दिवस काढा. जिना चढा, खाली वाका, खुर्चीत बसून पुढे झुका. मग आठ टाका.

बहुतेकांना सहा नाण्यांचा त्रास होत नाही. आठ नाण्यांना मात्र पातळ सुती शर्टाची पुढची पट्टी डावीकडे ओढली जाते आणि कॉलर वाकडी दिसू लागते. लिनन आणि पातळ खादी तर आणखी लवकर लोंबते, टेरिकॉट थोडं जास्त वजन पेलतं. म्हणून मर्यादा अशी ठेवा: ५० ग्रॅमपर्यंत उत्तम, ६० पर्यंत जाड कापडात चालेल, त्यापुढचा चाकू पँटच्या खिशाचा. दुकानदार ‘एकदम हलका आहे’ म्हणतो तेव्हा तो हातातलं वजन सांगत असतो. हाताला ९० ग्रॅमही हलकेच लागतात, खिशाला नाही.

३. जाडी आणि रुंदी

जाडी म्हणजे मिटलेला चाकू आडवा ठेवला की टेबलापासून तो जेवढा वर येतो तेवढी. १० मिलीमीटर ही सोयीची हद्द आहे. साधारण पेनही तेवढंच जाड असतं, त्यामुळे खिशावर फुगवटा दिसत नाही. मोजताना खिशाच्या कडेला अडकवायची क्लिप धरूनच मोजा. जाहिरातीत पुष्कळदा क्लिप सोडून जाडी दिलेली असते आणि क्लिप आणखी ३-४ मिलीमीटर वाढवते.

याच कारणामुळे लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल इथे मागे पडतो. कापायला तो अप्रतिम. ६ नंबरच्या ओपिनेलचं पातं ७ सेंटीमीटरचं आहे आणि चाकू वजनालाही फारच हलका. पण मूठ गोलसर आणि फुगीर, त्यामुळे खिशात तो गाजरासारखा दिसतो. शिवाय मूठ बीच लाकडाची, पावसाळ्यात ती फुगते आणि पातं आत घट्ट रुतून बसतं. नाशिकचा जून ते सप्टेंबर हा काळ त्याला मानवत नाही. तोच चाकू बागेत, डब्याच्या पिशवीत ठेवायचा असेल तर जरूर घ्या.

शर्टासाठी मोजमापाचा नमुना हवा असेल तर व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा अ‍ॅल्युमिनियम मुठीचा कॅडेट बघा: मिटल्यावर ८४ मिलीमीटर, वजन ४६ ग्रॅम, जाडी सुमारे १० मिलीमीटर. तोच घ्या असं नाही, पण दुसरा कुठलाही चाकू हातात आला की या तीन आकड्यांशी ताडून बघा. त्याच कंपनीचा ५८ मिलीमीटरचा क्लासिक याहून कितीतरी छोटा आहे. दोरा आणि पाकीट एवढंच काम असेल तर तो पुरतो, पेरूला कमी पडतो. ९३ मिलीमीटरचा पायोनियर मजबूत आहे, पण त्याचं वजन सत्तरच्या आसपास जातं.

४. पातं आणि पोलाद

पात्याची लांबी ६ ते ७ सेंटीमीटर पुरे. पाठीकडची जाडी २ ते अडीच मिलीमीटर असावी. तीनच्या पुढे पातं पाचरीसारखं वागतं, पेरू कापण्याऐवजी फोडतं. टोक साधं, किंचित खाली उतरलेलं हवं. सुरीसारखं निमुळतं, दोन्ही बाजूंनी धार दिलेलं किंवा दातेरी पातं टाळा. दातेरी धार घरच्या साध्या दगडावर लावता येत नाही, आणि दुधारी पात्याला शस्त्र म्हणतात, अवजार नाही.

पोलादाच्या नावांत फार गुंतू नका. शर्टाचा खिसा म्हणजे घामाची जागा. एप्रिल-मेमध्ये खारट घाम थेट मुठीपर्यंत पोहोचतो, म्हणून गंज न धरणं हा पहिला गुण. १२सी२७, १४सी२८एन आणि व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद या कामाला योग्य. व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्याची कठीणता ५६ एचआरसीच्या (पोलादाची कठीणता मोजायचं रॉकवेल माप) आसपास असते. त्यामुळे धार लवकर बोथट होते, पण पाच मिनिटांत परतही येते. नवख्यासाठी हा सौदा चांगला आहे. ८सीआर१३एमओव्ही स्वस्तात मिळतं आणि ठीक आहे. डी२ ची धार टिकते, पण त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्यातला बराचसा कार्बाइडच्या कठीण कणांत अडकतो, त्यामुळे घामाने त्यावर ठिपके पडतात. साधं कार्बन पोलाद लिंबू-कांद्याने काळं पडतं. तो काळा थर वाईट नसतो, पण पांढऱ्या शर्टाला डाग लागतात. पात्यावर फक्त ‘स्टेनलेस’ लिहिलंय आणि पोलादाचं नाव कुठेच नाही, असा चाकू सोडून द्या.

५. लॉक हवा की नको

बहुतेक जण इथेच चुकतात. लॉक म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणारी कळ. ती असली की चाकू जास्त सुरक्षित, असं वाटणं साहजिक आहे. पण शर्टातल्या चाकूने तुम्ही भोसकत नाही, खोदत नाही. ओढून कापता. ओढून कापताना जोर पातं उघडण्याच्या दिशेने जातो, मिटण्याच्या दिशेने नाही. त्यामुळे नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर उभा राहणारा, लॉक नसलेला चाकू या कामांना पुरतो. तो पातळ असतो, हलका असतो, दोन्ही हातांनी उघडावा लागतो आणि बघणाऱ्याला अवजारच वाटतो. पहिला चाकू असाच घ्या, असं माझं ठाम मत आहे.

लॉक हवाच असेल तर आतल्या पट्टीचा लॉक, म्हणजे लायनर लॉक, सगळ्यात पातळ. चाकू उघडल्यावर पट्टी पात्याच्या बुडाखाली सरकून बसते. ती बुडाच्या जाडीच्या पाव ते निम्म्या भागापर्यंत आलेली दिसली पाहिजे. नुसती कडेला टेकली असेल तर ती घसरून पातं बोटांवर मिटेल. पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. पाठीवरचा लॉक, म्हणजे मुठीच्या मागे दाबायचा खटका, भक्कम असतो पण मूठ जाड करतो.

बटण दाबलं की पातं उसळतं तो खटक्याचा चाकू, लोकांच्या तोंडातला ‘रामपुरी’, अजिबात घेऊ नका. स्प्रिंगच्या मदतीने अर्ध्यावरून आपोआप उघडणारे चाकूही टाळा. तांत्रिकदृष्ट्या ते वेगळे असतात, पण नाकाबंदीत उभ्या हवालदाराला तो फरक समजावत बसण्याची वेळ येऊ नये. पेनाच्या आकारात लपवलेला चाकूही नको. अवजार अवजारासारखंच दिसावं. लपवलेलं दिसलं की हेतूबद्दल शंका येते.

आणखी एक सापळा म्हणजे एटीएम कार्डासारखा सपाट, दुमडायचा चाकू. जाडी २ मिलीमीटर म्हणून मोह होतो. पण पातं पत्र्याइतकं पातळ आणि बिजागरी प्लॅस्टिकची असते. पंधरा-वीस खोक्यांनंतर ती उलते आणि पातं मुठीतून सुटतं.

६. कायदा आणि मनाई आदेश

हे वाचल्याशिवाय खरेदीला निघू नका. शस्त्र नियम २०१६ मध्ये परवान्याच्या यादीत येणारे चाकू म्हणजे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. अडीच इंचांचा घडीचा चाकू या मापाच्या जवळपासही येत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी आपल्या हद्दीत ठरावीक मुदतीसाठी मनाई आदेश काढू शकतात. त्या कलमात तलवारी, भाले, काठ्या यांच्याबरोबर चाकूचाही उल्लेख आहे, तिथे पात्याचं माप दिलेलं नाही. आदेश मोडला तर कलम १३५ खाली कैदेची तरतूद आहे. सण, मिरवणुका, निवडणुका, आंदोलनं यांच्या सुमारास असे आदेश निघतात आणि वर्तमानपत्रांत ‘शहरात मनाई आदेश लागू’ अशी बातमी येते. ती बातमी दिसली की मुदत संपेपर्यंत चाकू घरी किंवा दुकानाच्या गल्ल्यात ठेवा. नाशिक शहराची हद्द आयुक्तालयाची आणि पिंपळगाव, लासलगाव, त्र्यंबकेश्वर हा भाग ग्रामीण पोलिसांचा. त्यामुळे शहरातला आदेश संपला म्हणजे त्र्यंबकलाही मोकळीक असं समजू नका. सिंहस्थाच्या काळात तर गोदाघाट आणि त्र्यंबक परिसरात चाकू बरोबर न नेणंच योग्य.

एरवीही काही ठिकाणी तो खिशात नको: न्यायालय, मोठी मंदिरं, सिनेमागृह, परीक्षा केंद्र, ज्या कारखान्यांच्या गेटवर झडती होते ते सगळे कारखाने. ओझर विमानतळावरून जाणार असाल तर चाकू चेक-इनच्या बॅगेत टाका. केबिनमध्ये तो चालत नाही, आणि सुरक्षा तपासणीत निघाला तर परत मिळण्याची आशा सोडा.

विचारणा झालीच तर खिशात हात घालू नका. ‘वरच्या खिशात खोकी कापायचा छोटा चाकू आहे’ असं आधी सांगा, मग ते म्हणतील तसं करा.

७. क्लिप, नाहीतर शिंप्याची पट्टी

शर्टातला चाकू वाकल्यावर पडतो. त्याला दोन उपाय.

पहिला, क्लिप. ती मुठीच्या अगदी टोकापासून निघणारी हवी, म्हणजे चाकू पूर्ण आत जातो आणि बाहेर फक्त पेनाच्या टोपीसारखी पट्टी दिसते. जीन्ससाठी बनवलेली क्लिप फार कडक असते. ती शर्टाच्या खिशाची कड खरवडते आणि महिन्याभरात तिथे धागे सुटतात. दुकानात शर्टावरच लावून काढून बघा. कापड ओढलं जात असेल तर ती नको. क्लिपखालची मूठ खडबडीत असेल तरी कापड घासतंच, तेवढी जागा गुळगुळीत हवी.

क्लिपवाल्या चाकूत मिटलेल्या पात्याचं टोक खिशात वर राहतं की खाली, हेही बघा. टोक वर राहणाऱ्या चाकूत पातं मिटलेलं धरून ठेवणारी पकड सैल असेल तर ते आतल्या आत अर्धा सेंटीमीटर उघडतं आणि काढायला गेलेलं बोट धारेवर पडतं. अशा चाकूची पाठ, म्हणजे पातं बाहेर येतं त्याच्या उलटी बाजू, खिशाच्या मध्याकडे आणि पातं निघायची फट शिवणीकडे ठेवा. शिवणीला टेकलेलं पातं उघडू शकत नाही.

दुसरा उपाय स्वस्त आणि मला जास्त पटणारा. शिंप्याकडून खिशात पेनाच्या कप्प्यासारखी उभी शिवण मारून घ्या. कप्प्याची रुंदी अशी काढा: चाकूची रुंदी अधिक जाडी अधिक अर्धा सेंटीमीटर. २० मिलीमीटर रुंद आणि १० मिलीमीटर जाड चाकू असेल तर साडेतीन सेंटीमीटर. नुसती रुंदी मोजून अडीचवर शिवण मारली तर चाकू आत जाणारच नाही, कारण त्याच्या जाडीलाही कापड लागतं. कप्प्याच्या वरच्या टोकाला दुहेरी टाका घालायला सांगा, ताण तिथेच येतो.

मोबाइल आणि चाकू एका खिशात नकोत. काच आणि मूठ, दोन्ही ओरखडतात.

८. दुकानात हातात घेऊन तपासा

नाशिकमध्ये मेन रोड, रविवार कारंजा, भांडी बाजार या भागात हार्डवेअर आणि भांड्यांच्या दुकानांत घडीचे चाकू मिळतात. ऑनलाइन घेतलात तर याच तपासण्या पार्सल उघडल्यावर करा आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी करा.

उजेड: मिटलेला चाकू ट्यूबलाइटसमोर धरा आणि फटीतून आत बघा. पातं दोन्ही भिंतींच्या मधोमध दिसलं पाहिजे. एका भिंतीला टेकलेलं पातं प्रत्येक वेळी मिटताना घासतं आणि धार तिथेच मरते.

रुमाल: हीच चाचणी सगळ्यात मोलाची आणि दोन सेकंदांची. मिटलेल्या चाकूच्या फटीवरून सुती रुमाल सैल हाताने ओढा, आधी एका दिशेने, मग उलट. कुठे धागा अडकला तर पात्याचं टोक फटीच्या वर आलेलं आहे. डोळ्याला ते दिसत नाही, बोटाला कधी लागतं कधी नाही, पण रुमालाला सापडतंच. असा चाकू खिशाचं अस्तर फाडतो आणि खिशात हात घातला की नखाखाली टोचतो. दुकानदार म्हणेल ‘घासून देतो’. टोक घासलं की त्याचा आकार बिघडतो. दुसरा नग मागा.

डुलणं: पातं उघडून टोक चिमटीत धरा, डावी-उजवीकडे हलवा, मग वर-खाली. डावी-उजवीकडे केसभर हालचाल असेल आणि बिजागरीला स्क्रू असेल तर तो आवळून जाते. रिव्हेट असेल तर जात नाही. लॉकच्या चाकूत वर-खाली हालचाल असेल तर तो नाकाराच.

स्प्रिंग: नखाने पातं उघडा. नख दुमडत असेल तर स्प्रिंग फार कडक. मिटलेला चाकू फट खाली करून दोन-तीनदा झटका. पातं बाहेर आलं तर फार सैल. उघडताना आणि मिटताना मध्ये एकदा पातं थांबतं, असे चाकू नवख्याला बरे, कारण मिटताना बोटं हलवायला क्षण मिळतो.

धार: वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून वरून खाली कापा. कागद फाटला तर धार बोथट आहे. तेवढ्यासाठी चाकू नाकारायचं कारण नाही, धार लावता येते. पण प्रत्येक कापात एकाच जागी कागद अडकत असेल तर तिथे धारेला खाच आहे.

नक्कल: लाल मुठीवर क्रॉस काढलेले नकली स्विस चाकू भरपूर आहेत. पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव खोल आणि रेखीव कोरलेलं असतं. नकलीत ते पुसट छापलेलं असतं किंवा नसतंच.

९. पहिले काही आठवडे

बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाका, पंधरा-वीस वेळा उघड-मीट करा आणि बाहेर आलेलं काळं तेल पुसा. फळं कापत असाल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन वापरा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल घालू नका, ते काही आठवड्यांत चिकट होतं आणि खिशातला लोकर-धुरळा धरून ठेवतं. पंधरवड्यातून एकदा टाचणीला कापूस गुंडाळून फटीतली लोकर काढा. द्राक्ष, लिंबू, कांदा कापल्यावर पातं धुऊन, कोरडं करूनच मिटा.

धारेसाठी दोन बाजूंचा कॅरबोरंडम दगड पुरतो. पाण्याने ओला करा, पातं दगडाशी १५ ते २० अंशांत धरा. दहा रुपयांची तीन नाणी एकावर एक ठेवून पात्याची पाठ त्यावर टेकवली की अरुंद पात्याला साधारण हा कोन मिळतो. दोन्ही बाजूंनी सारख्या वेळा, जोर न देता. सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे हे पातळ पातं देऊ नका. कोरड्या सराणेवर ते काही सेकंदांत तापतं आणि धारेच्या कडेला निळी झाक आली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, पुढे त्या भागात धार टिकत नाही.

स्क्रूचा चाकू असेल तर टी६ आणि टी८ टॉर्क्सचे (चांदणीच्या आकाराच्या टोकाचे) पेचकस घरात ठेवा. साधा चपटा पेचकस घातला की स्क्रूचं तोंड खराब होतं आणि मग तो कुणालाच उघडत नाही.

आणि रात्री शर्ट धुवायला टाकण्यापूर्वी वरचा खिसा चाचपून बघा. चाकू मशीनमधून निघालाच तर तो मिटलेला वाळवू नका. सगळी पाती उघडा, साबण निघेपर्यंत गोड्या पाण्यात उघड-मीट करा, फडक्याने पुसून पंख्याखाली तासभर ठेवा, आणि मग बिजागरीत तेलाचा थेंब.